पुढचे की मागचे?

सकाळचे साडेदहा. पुण्याच्या नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांची शटर नुकतीच वर गेलेली. काउंटरवरच्या लक्ष्मीच्या तसबिरीपुढं उदबत्ती अजून धुमसतेय, तेवढ्यात अठरा-एकोणीस वर्षांचा एक पोरगा मोटरसायकल दुकानासमोर तिरकी लावून आत शिरतो. खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडी काढून काउंटरवर ठेवतो. पुडीतून निघतो एक काळाठिक्कर लोखंडी तुकडा, तळहातात मावेल एवढा.

"वॅगन आरचे ब्रेक द्या."

"पुढचे की मागचे?"

या बाजारातला हा पहिला प्रश्न. पुढचे म्हटलं की डिस्क पॅड, मागचे म्हटलं की लायनर. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढच्या चाकांवर उघडी गोल डिस्क असते आणि मागच्या चाकांवर बंद ड्रम. ब्रेक मारला की गाडीचं वजन नाकावर येतं, त्यामुळं थांबवण्याचं साठ-सत्तर टक्के काम पुढची चाकंच करतात. पॅड आधी संपतात, लायनर वर्षानुवर्षं टिकतात. म्हणून 'पुढचे' म्हटल्यावर दुकानदार मान डोलावतो आणि दुसरा प्रश्न टाकतो.

"साल?"

"चौदा. पेट्रोल."

"चौदाची की चौदात पासिंग झालेली?"

पोरगा गडबडतो. २०१३च्या शेवटी कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी २०१४मध्ये आरटीओकडं नोंदवली जाते आणि मधल्या काळात कंपनीनं एखादा भाग बदललेला असू शकतो. तिसरा प्रश्न त्याहून अवघड. "कॅलिपर कुणाचा आहे?" कॅलिपर म्हणजे पॅडना दोन्ही बाजूंनी डिस्कवर दाबणारा चिमटा. कारखाना एकाच मॉडेलसाठी दोन-दोन पुरवठादारांकडून कॅलिपर घेऊ शकतो, आणि चिमटा बदलला की पॅडचा आकारही बदलतो. पोरगा फोन लावतो. पलीकडून गॅरेजच्या उस्तादाचा आवाज येतो, "जुना दिलाय ना तुझ्याकडं? लावून बघ की!"

मग तेच होतं. दुकानदार मागच्या फळीवरून एक खोका काढतो आणि नवा पॅड जुन्याच्या पाठीला पाठ लावून धरतो. अंगठ्यानं कडा चाचपतो. दोन्ही टोकांचे कान जुळतात का, मधली खाच तिथंच आहे का, हे डोळ्यांआधी त्याच्या अंगठ्याला कळतं. सतरा अक्षरी चासी नंबर सांगितला असता तर हे सगळे प्रश्न कॅटलॉगनंच सोडवले असते. पण चासी नंबर आरसी बुकात, आरसी बुक गाडीच्या कप्प्यात आणि गाडी सिंहगड रस्त्याला.

गाडीची मालकीण धायरीत राहते आणि शाळेत शिकवते. आत्ता ती सातवीच्या वर्गावर असणार. पैसे तिचे, गाडी तिची, रोज उतारावर पाय ठेवायचा तो ब्रेकही तिचाच. खरेदी मात्र तिला माहीत नसलेल्या काउंटरवर, तिला माहीत नसलेल्या दोन माणसांत चाललीय. संध्याकाळी तिच्या हातात एक ओळ पडेल: 'ब्रेक पॅड सेट १'.

थांबण्याच्या अनेक परी आहेत, पण बाजारात विकत मिळते आणि बिलावर लिहून येते अशी ही एकच.

आधणाचा हिशेब

ब्रेक गाडी थांबवतो म्हणजे नेमकं काय करतो, हे समजलं की पुढची सगळी घासाघीस समजते. गाडीचा वेग कुठं नाहीसा होत नाही, त्याची उष्णता होते. एक टन वजनाची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून शून्यावर आणली, तर जी उष्णता निघते तिच्यावर पाऊण लिटर पाण्याला उकळी येईल. म्हणजे एका ब्रेकमागं चार-पाच कपांचं आधण. ही उष्णता काही सेकंदांत निघते, आणि निघते ती चार चाकांतल्या मूठभर लोखंडात आणि त्याला घासणाऱ्या पॅडमध्ये.

आता हीच गाडी खंडाळ्याहून खोपोलीला उतरवा. उंचीतला फरक सुमारे पाचशे मीटर. चालकानं गिअर वर ठेवून सगळा घाट नुसत्या ब्रेकवर उतरायचं ठरवलं, तर पंधरा लिटर पाणी, म्हणजे हंडाभर पाणी उकळेल एवढी उष्णता ब्रेककडं येते. खालच्या गिअरमध्ये उतरणारा माणूस यातली बरीचशी इंजिनाच्या गळ्यात घालतो. जुने ड्रायव्हर सांगत, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. पदार्थविज्ञान न शिकता त्यांनी ते बरोबर सांगितलं होतं.

सतत घासून डिस्क तीन-चारशे अंशांवर गेली की साध्या दर्जाच्या पॅडमधली राळ जळू लागते, तिचा वायू पॅड आणि डिस्कच्या मधे येतो, आणि पेडल दगडासारखं घट्ट लागूनही गाडी थांबत नाही. जळक्या रबरासारखा वास येतो. घाटाच्या पायथ्याच्या वडापावच्या टपरीवर थांबलेल्या गाड्यांपाशी हा वास ओळखीचा असतो. चांगल्या आणि भिकार पॅडमधला फरक इथंच उघडा पडतो. लक्ष्मी रोडच्या गर्दीत दोन्ही पॅड सारखेच गुणी.

मोच्यापासून घाटकोपरपर्यंत

ब्रेकचा पहिला सुटा भाग एका मोच्यानं बसवला. १८८८च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्यानं बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन, त्याला न सांगता, दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाल्या. शंभर किलोमीटरांच्या वरचा प्रवास. उतारांवर लाकडी ब्रेक घासून संपू लागले, तेव्हा वाटेतल्या एका गावात त्यांनी चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनिंगची सुरुवात अशी झाली असं मानतात.

दुसरी गोष्टही जोड्यांचीच. इंग्लंडात डर्बीशायरच्या डोंगराळ भागात गाडीवान उतारावर चाकाला जुना बूट अडकवून गाडी आवरत. हर्बर्ट फ्रूड या माणसानं ते पाहिलं, आणि यापेक्षा बरं काही करता येईल म्हणून १८९७मध्ये ब्रेकचा माल बनवायला घेतला. आपल्या आडनावाच्या अक्षरांत पत्नी एलिझाबेथचं 'ई' मिसळून त्यानं कंपनीचं नाव जुळवलं: फेरोडो. हे नाव पुढं मुंबईत आलं. घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडोचा कारखाना होता. जुन्या फिटरच्या तोंडी 'फेरोडो' हा शब्द अजून लायनरचं सामान्यनाम म्हणून येतो, वनस्पती तुपाला डालडा म्हणावं तसा.

फ्रूडच्या पिढीनं चामड्यानंतर कापूस आणि कापसानंतर ॲस्बेस्टॉस धरलं. उष्णतेला न जुमानणारा, विणता येणारा आणि स्वस्त असा तो धागा. विसाव्या शतकात बहुतेक वाहनं त्याच्यावर थांबली. त्याची धूळ फुप्फुसात गेली की काय होतं हे कळायला आणि कळलेलं मान्य व्हायला फार काळ गेला. युरोपीय संघानं २००५पासून सरसकट बंदी आणली. अमेरिकेनं पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदीचा नियम काढला तो थेट मार्च २०२४मध्ये. भारतात अशी सरसकट बंदी नाही. नामांकित कंपन्यांच्या खोक्यांवर 'ॲस्बेस्टॉस-फ्री' छापलेलं असतं, निनावी लायनरच्या खोक्यावर बऱ्याचदा काहीच छापलेलं नसतं. म्हणून ड्रम उघडल्यावर फुंकर मारून किंवा हवेच्या पाइपानं धूळ उडवायची जी सवय गॅरेजांत आहे, ती पोरांच्या छातीच्या दृष्टीनं वाईट. ओलं फडकं आणि ब्रेक क्लीनरचा फवारा हा त्यावरचा साधा उपाय. फवाऱ्याला पैसे पडतात, हवा फुकट असते.

आजच्या पॅडमध्ये राळ, लोखंडाचा किंवा तांब्याचा चुरा, काचेचे आणि अरामिडचे तंतू, ग्रॅफाइट, खनिजांची पूड असं दहा-वीस जिनसांचं मिश्रण असतं. प्रत्येक कंपनीची पाककृती वेगळी आणि ती गोडा मसाल्यासारखीच घराबाहेर न सांगण्याची. आत काय आहे ते गिऱ्हाइकाला दिसत नाही, पण एक खूण पॅडच्या कडेला छापलेली असू शकते: इंग्रजी दोन अक्षरं, एफएफ किंवा जीजी अशी. पहिलं अक्षर साधारण तापमानाला पॅड किती धरतो ते सांगतं, दुसरं तापल्यावर किती धरतो ते. ई म्हणजे घर्षणाचा अंक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्याच्या खाली उतरलं, एफई असं असलं, तर तो पॅड तापल्यावर ढिला पडतो. नाना पेठेतल्या काउंटरवर दिवसभर बसलं तरी ही अक्षरं वाचणारं गिऱ्हाईक क्वचितच दिसेल.

ओरिजिनल, कंपनी आणि 'चालतंय ओ'

दुकानदारानं आता काउंटरवर तीन खोके मांडलेत. पोरगा पुन्हा फोनवर. इथं तीन शब्द ऐकू येतात आणि प्रत्येकाचा बाजारातला अर्थ शब्दकोशातल्यापेक्षा वेगळा आहे.

'ओरिजिनल' किंवा 'जेन्युइन' म्हणजे गाडी कंपनीच्या नावाच्या खोक्यातला. मारुतीचा मारुतीच्या खोक्यात, ह्युंदाईचा मोबिसच्या. 'कंपनी' म्हणजे ब्रेक बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपनीचा स्वतःच्या खोक्यातला: टीव्हीएस गर्लिंग, राणे, बॉश, ब्रेम्बो. आणि 'लोकल' म्हणजे ज्याचं नाव पहिल्यांदाच वाचायला मिळतं आणि पुढच्या महिन्यात बदललेलं असतं. चौथाही एक प्रकार आहे, पण तो वेगळा मांडला जात नाही, कारण तो पहिल्या दोनांच्या वेशात असतो. डुप्लिकेट.

यातली गंमत अशी, की गाडी बनवणाऱ्या कंपन्या पॅड सहसा स्वतः बनवत नाहीत. चेन्नईतल्या पाडीत १९६२पासून असलेली ब्रेक्स इंडिया, किंवा १९६४पासून ब्रेक लायनिंगच्या धंद्यात असलेली राणे, अशा कंपन्या कार कारखान्यांनाही माल देतात आणि खुल्या बाजारातही विकतात. त्यामुळं 'ओरिजिनल'ला जास्त पैसे मोजणारा माणूस कधीकधी फक्त खोक्याचे पैसे मोजतो. कधीकधी, नेहमी नाही. कार कंपनीनं मागितलेलं मिश्रण आणि त्याच उत्पादकाचं बाजारासाठीचं मिश्रण वेगळं असू शकतं. हे दुकानदारालाही ठाऊक नसतं, आणि ठाऊक नाही असं तो म्हणत नाही.

डुप्लिकेटचा धंदा छापखान्यापासून सुरू होतो. पॅड कुठल्या तरी शेडमध्ये पत्र्यावर मसाला दाबून होतो, पण तो खपतो खोक्यावर. होलोग्राम, क्यूआर कोड, छापील किंमत, बॅच नंबर सगळं हुबेहूब. त्याहून सोपी वाट म्हणजे खराच खोका. गॅरेजच्या मागं टाकलेले, न फाटलेले रिकामे खोके गोळा करणारे लोक असतात, आणि ते खोके रद्दीच्या भावापेक्षा चांगल्या भावानं जातात. कंपन्यांचे लोक पोलिसांना घेऊन अधूनमधून छापे घालतात, कॉपीराइट आणि ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हे नोंदवले जातात, वर्तमानपत्रात चौकट येते, आणि काही दिवस त्या गल्लीतली शटर उशिरा उघडतात.

काउंटरवर मात्र सगळा संवाद एका वाक्यात मिटतो.

"हा बसव. चालतंय ओ. तक्रार नाही आली अजून."

हे वाक्य हीच या बाजारातली खरी वॉरंटी. दुकानदार ते गॅरेजवाल्याला देतो, गॅरेजवाला गिऱ्हाइकाला देतो. गॅरेजवाल्याला छापील किमतीत काही टक्के सुटतात, आणि मजुरीचे दर इतके कमी आहेत की त्या टक्क्यांवरच त्याचं भाडं निघतं. यात चोरी काही नाही. पण ज्या खोक्यावर जास्त टक्के सुटतात तो खोका त्याला अधिक 'चालतंय' वाटू लागतो, हेही मानवी आहे.

२२ सप्टेंबर २०२५पासून मोटारींच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला. खऱ्या मालाचा भाव त्यानं उतरायला हवा, कारण कर भरतो तो तोच. बिनबिलाच्या मालावर आधीही शून्य टक्के होता, आताही शून्यच. म्हणजे दोघांतलं अंतर थोडं कमी झालं. बिल मागण्याचं हे एक नवं, रोकडं कारण.

हल्ली काही मालक पॅड ऑनलाइन मागवून गॅरेजात घेऊन जातात. तिथं त्यांना ठरलेलं उत्तर मिळतं. "बसवून देतो साहेब, पण गॅरंटी आपली नाही." मालकाला वाटतं हा कमिशन बुडालं म्हणून रुसला. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की चुकीचा पॅड आला तर गाडी लिफ्टवर अडकते, दुसरी गाडी आत घेता येत नाही, आणि पार्सल परत पाठवायला चार दिवस लागतात. नाना पेठेतला दुकानदार तासाभरात बदलून देतो. त्याच्या मधल्या टक्क्यांत हा तासही धरलेला असतो.

पोरगा मधला खोका घेतो.

चाक खोलल्यावर

दुपारी साडेबारा. सिंहगड रस्त्यालगतचं पत्र्याचं गॅरेज. पांढरी वॅगन आर जॅकवर, पुढचं डावं चाक बाजूला आडवं. उस्ताद पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. सकाळी पाठवलेला जुना पॅड उजव्या चाकाचा, बाहेरच्या बाजूचा होता. आता डावं उघडल्यावर ते जीभ टाळ्याला लावून 'च्च' करतात.

बाहेरचा पॅड अजून चार-पाच मिलिमीटर शिल्लक आहे. आतला मात्र संपून पत्र्याला टेकलाय. नव्या पॅडवर साधारण दहा मिलिमीटर मसाला असतो, दोन-तीन उरला की बदलायचा. आतल्या पॅडला पत्र्याची एक छोटी जीभ असते. मसाला संपत आला की ती डिस्कला घासून किंचाळते, तो मुद्दाम ठेवलेला इशारा. गेले तीन आठवडे ती किंचाळत असणार. शिक्षिकेनं काचा वर करून रेडिओ लावला होता.

"एकच का संपला, सांगा बघू?" उस्ताद पोराला विचारतात. पोरगा गप्प. उस्ताद कॅलिपर हातानं डावीकडं-उजवीकडं सरकवून बघतात. तो सरकत नाही.

या गाड्यांचा कॅलिपर दोन पिनांवर तरंगता असतो. आतल्या बाजूनं पिस्टन एका पॅडला ढकलतो आणि त्याच्या उलट धक्क्यानं अख्खा चिमटा सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिना गंजल्या की सरकणं बंद. मग एकटा आतला पॅड राबतो, झिजतो, आणि ब्रेक सोडल्यावरही डिस्कला घासत राहतो. मायलेज पडतं, चाक गरम लागतं, ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. अशा गाडीत जगातला सर्वांत भारी पॅड घातला तरी तो वर्षभरात संपेल.

या पेशातली खरी मेख इथं आहे. गिऱ्हाइकाची सगळी काळजी खोक्यावरच्या नावाभोवती फिरते, आणि ब्रेक बिघडतो तो बिलात ज्याची ओळ नसते अशा पंधरा मिनिटांच्या कामावाचून. पिना बाहेर काढा, पॉलिश पेपरनं घासा, फाटलेलं रबरी बूट बदला, ब्रेकसाठीचं वेगळं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं पिवळं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन पुन्हा जाम. हे ग्रीस छोट्या पुडीत येतं आणि सगळ्या कामात सर्वांत स्वस्त पडतं. घाईच्या गॅरेजात नवे पॅड खोचून, चाक आवळून पंचवीस मिनिटांत गाडी बाहेर. इथं एका पिनेला हातोडीचे चार ठोके आणि अर्धा तास लागला.

पिन निघाल्यावर उस्ताद डिस्ककडं वळतात. बोट बाहेरच्या कडेवरून फिरवतात. तिथं न झिजलेल्या लोखंडाची एक कड उभी राहिलीय, ताटाच्या काठासारखी. व्हर्निअर लावून मधली जाडी मोजतात. किमान किती हवी ते डिस्कवरच ओतीव अक्षरांत लिहिलेलं असतं, 'मिन टीएच' असं. सहसा नव्या जाडीपेक्षा दोन मिलिमीटर कमी. त्याच्या वर असेल तर लेथवर टर्न करून सपाट करता येते, खाली गेली तर नवी घ्यायची, आणि घ्यायची तर जोडीनं. एका बाजूला नवी आणि दुसऱ्या बाजूला जुनी ठेवली, तर दोन चाकं सारखी धरतील याची खात्री नसते. पॅडचंही तसंच. म्हणून ते चारांच्या सेटमध्येच मिळतात.

ही डिस्क काठावर पास झाली. "या वेळी टर्न करून घेऊ, पुढच्याला बदलावी लागंल," उस्ताद पोराला सांगतात, आणि तेच वाक्य मॅडमना व्हॉट्सॲपवर पाठवायला लावतात. सोबत व्हर्निअरचा फोटो. हे ते अलीकडं शिकलेत. फोटो गेला की भावावर वाद होत नाही.

बरणीतलं तेल

नवे पॅड जाड. ते बसावेत म्हणून पिस्टन मागं दाबावा लागतो, आणि तो मागं गेला की बॉनेटखालच्या पांढऱ्या बरणीतलं ब्रेक ऑइल वर चढतं. झाकणाबाहेर आलं तर बॉडीचा रंग सोलून काढतं. पोरगा फडकं गुंडाळून उभा राहतो.

बरणीतलं तेल चहासारखं झालंय. गाडी दहा वर्षांहून जुनी, आणि ते कधी बदललं याची नोंद कुठंच नाही. ब्रेक ऑइलला तेल म्हणतात, पण ते हवेतली ओल पिणारं ग्लायकॉलचं रसायन आहे. पावसाळ्यात डब्याचं झाकण उघडं राहिलं तर मीठ जसं पाणी सुटून बसतं तसं ते पाणी शोषतं, फक्त दिसत नाही. डॉट-३ जातीचं ताजं तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ती हमी १४० अंशांवर येते. डॉट-४ची हमी ताज्याला २३०, मुरलेल्याला १५५. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय थेट फ्लोअरला. घाटात 'ब्रेक फेल झाला' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या कथांत पॅड शाबूत आणि तेल जुनं अशा पुष्कळ असतात.

दर दोन वर्षांनी ते बदलावं असं बहुतेक कंपन्या सांगतात. अर्ध्या लिटरचा डबा पॅडच्या किमतीपुढं किरकोळ. घ्यायचा तो सीलबंद, आणि बरणीच्या झाकणावर जो डॉट लिहिलाय तोच. डॉट-५ हे नाव वरचढ वाटलं तरी ते सिलिकॉनचं, वेगळ्याच जातीचं. ते यात मिसळायचं नसतं. फळीवरचा अर्धा वापरलेला डबा गॅरेजवाला काढू लागला, तर 'नवा फोडा' म्हणायला लाजू नये.

कोकणात ही ओल दुहेरी मार देते. गणपतीला गेलेली गाडी पाच दिवस वाडीत उभी राहिली, की डिस्कवर तांबूस गंज चढतो आणि पहिल्या चार ब्रेकांत खरवडून निघून जातो. तो निरुपद्रवी. पण हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर मागचे लायनर ओल्या ड्रमला चिकटतात, आणि निघायच्या दिवशी गाडी जागची हलत नाही. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावण्याची आजोबांची पद्धत तिथं अजून चालते, ती याचसाठी.

जुनं तेल उपसून नवं भरलं की 'हवा काढणं' सुरू होतं. पोरगा आत बसून पेडल मारतो, उस्ताद चाकापाशी निपल सोडतात.

"मार... धर... सोड. मार... धर..."

पारदर्शक नळीतून बुडबुडे येतात, मग लहान बुडबुडे, मग नुसती पिवळसर धार.

नवले पुलाच्या अलीकडे

गॅरेजपासून नवले पूल दूर नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून साताऱ्याकडची वाहतूक लांब उतारानं इथं येते. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री एका मालवाहू वाहनानं या उतारावर कित्येक गाड्यांना धडक दिली. पहिली बातमी 'ब्रेक फेल'ची होती. मग तपासात पुढं आलं, की चालकानं उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद केलं होतं. अवजड गाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा इंजिनच भरतं. इंजिन बंद, चार-सहा वेळा ब्रेक दाबला, की टाकी रिकामी होऊ लागते.

या गाड्यांचे लायनर वेगळ्या जगात विकले जातात. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत पाय मुडपून बसलेला कारागीर कमानदार लोखंडी शूवरून जुना लायनर छिन्नीनं काढतो, नवा टेकवतो आणि पितळी रिव्हेट ठोकायला घेतो. मधल्या भोकापासून सुरुवात, मग एक डावीकडं, एक उजवीकडं, शेवटी टोकं. उलट केलं तर मधे फट राहते, आणि फटीच्या जागी लायनर तडकतो. रिव्हेटचं डोकं लायनरच्या खोल खड्ड्यात बसलं पाहिजे, वर आलं तर ड्रमला चर पाडतं. प्रत्येक ठोक्यानंतर तो शूवर हातोडीनं टिचकी मारून आवाज ऐकतो. भरीव आला की पुढचा रिव्हेट. छोट्या कारच्या बाबतीत हे कसब संपलंच. लायनर शूवर कारखान्यातच चिकटवून येतो आणि अख्खा शू बदलतात.

पुण्यातच, वेताळ टेकडीवर, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहनांच्या चाचण्यांची संस्था आहे. पॅड आणि लायनरसाठी भारतीय मानकं आहेत. टेकडीवरच्या चाचणीपासून नाना पेठेतल्या फळीपर्यंतचं अंतर सहा-सात किलोमीटर. एवढ्या अंतरात मानकाचं काय होतं, ते त्या तीन खोक्यांत दिसलंच.

खोका

संध्याकाळी सहाला शिक्षिका रिक्षानं येते. उस्ताद गाडीत बसून आधी पेडल पाच-सहा वेळा मारतात, मगच किल्ली फिरवतात. पिस्टन मागं दाबलेला असतो, पहिलं पेडल रिकामं जातं, आणि हे विसरून रिव्हर्स घेतलेली गाडी मागच्या भिंतीवर गेल्याची खूण गॅरेजच्या पत्र्यावर अजून आहे.

"मॅडम, पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर जरा सांभाळून. करकचून ब्रेक मारू नका. पॅड डिस्कवर बसू द्या."

"आवाज येईल का?"

"थोडा येईल. आठवड्यात नाही गेला तर आणा."

ती बिल बघते. 'ब्रेक पॅड सेट १'च्या खाली आज आणखी तीन ओळी आहेत: ब्रेक ऑइल, डिस्क टर्निंग, पिन सर्व्हिस. ती शेवटच्या ओळीवर बोट ठेवते. उस्ताद काही न बोलता बाकावरून जुनी फाटकी रबरी बूटं आणि झिजलेला आतला पॅड आणून तिच्या हातावर ठेवतात. ती पॅड उलटसुलट करून बघते. एका बाजूला मसाला नावालाही नाही, नुसता चकाकणारा पत्रा.

"हे सगळं मी घेऊन जाऊ? वर्गात दाखवीन. घर्षण चाललंय आमचं."

"न्या की."

"आणि खोका?"

पोरगा मागच्या कोपऱ्यात बघतो. तिथं रिकामे खोके नीट एकात एक रचून ठेवलेत, दर महिन्याला कुणीतरी येऊन नेतं ते. आजचा सर्वांत वर आहे. तो खोका उचलून आणतो, क्षणभर उस्तादांकडं बघतो. उस्ताद चष्मा पुसतायत. पोरगा खोका तिला देतो. ती त्यात जुना पॅड आणि रबरी बूटं टाकते, झाकण लावते आणि मागच्या सीटवर वह्यांच्या गठ्ठ्याशेजारी ठेवते.